कारागृहाची वाट : मलावी देशातील बंदिवानांची पाळकीय सेवा

ख्रिस्तसभेने शिकविलेल्या दयेच्या सात शारीरिक कार्यांमध्ये बंदिवानांची भेट घेणे हे एक कार्य आहे. भुकेल्याला अन्न द्यावयाचे, तहानलेल्याला पाणी द्यावयाचे किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसावयाचे, तर सहसा कोणाची परवानगी लागत नाही. बंदिवानाची भेट मात्र दुसऱ्याच्या हातातील किल्लीवर अवलंबून असते. कदाचित म्हणूनच आपल्या बहुतेक धर्मग्रामांत हे कार्य धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होते आणि तेथेच राहते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात मात्र प्रभू येशूने स्वतःला बंदिवानांत गणताना अशी कोणतीही सवलत ठेवलेली नाही.

आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील तुरुंगांत मिशनरी धर्मगुरू, धर्मभगिनी आणि स्थानिक धर्मशिक्षक ही सेवा कशी करतात, याची ओळख मलावी या एका छोट्या देशाच्या आधारे करून देण्याचा हा प्रयत्न आहे. तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण बंदिवान-सेवेची एक फार जुनी तपशीलवार नोंद आपल्याला आफ्रिकेच्याच भूमीवर सापडते.

कार्थेजचा तुरुंग

इ. स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत (आजच्या ट्युनिशियात) संत पर्पेतुआ, संत फेलिसिता आणि त्यांचे सोबती श्रद्धेखातर तुरुंगात होते. पर्पेतुआ सुमारे बावीस वर्षांची माता होती आणि तिचे मूल अंगावर पीत होते. तिच्या नावे लिहून ठेवलेल्या टिपणांत काळोख, उकाडा, गर्दी आणि शिपायांची दांडगाई यांचे वर्णन आहे. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस या दोन उपधर्मगुरूंनी पैसे चारून बंदिवानांना दिवसातील काही तास तुरुंगाच्या अधिक बऱ्या भागात नेण्याची सोय केली, असेही ती सांगते. लाच देऊन मिळविलेली ती मोकळी हवा होती! आजचे नीतिशास्त्राचे प्राध्यापक त्यावर काय म्हणतील ते असो. भुकेल्या तान्ह्याला आईचे दूध त्यामुळे मिळाले. पुदेन्स नावाचा एक तुरुंग-अधिकारीही त्या नोंदीत येतो. बंदिवानांविषयी आदर वाटू लागल्याने तो भेटीस येणाऱ्यांना आत सोडू लागला.

अर्ध्या शतकानंतर त्याच नगरीचे बिशप संत सिप्रियन यांनी २५० सालच्या छळकाळात आपल्या धर्मगुरूंना अगदी व्यवहारी सूचना दिल्या होत्या. तुरुंगात घोळक्याने जाऊ नका. मिस्साबलिदानासाठी एका वेळी एकच धर्मगुरू आणि एकच उपधर्मगुरू जावा आणि तेही आळीपाळीने, म्हणजे संशय कमी येईल. पुढे न्युमिदिया प्रांतातील ख्रिस्ती लोकांना टोळ्यांनी पकडून नेले, तेव्हा याच बिशपांनी खंडणीसाठी १,००,००० सेस्तर्स इतकी रक्कम जमवून पाठविली. तिच्यासोबत दात्यांची नावेही होती, प्रार्थनेत त्यांची आठवण व्हावी म्हणून.

सतराव्या शतकात संत विन्सेंट द पॉल यांनी ट्युनिस आणि अल्जियर्स येथील गुलामांच्या कोठड्यांत आपले मिशनरी पाठविले. त्यांपैकी फादर झाँ ल व्हाशे यांना १६८३ साली फ्रेंच आरमाराचा मारा चालू असताना तोफेच्या तोंडी देण्यात आले. हा इतिहास मोठा आहे. येथे एवढेच पुरे.

मलावी

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातील, समुद्रकिनारा नसलेला, त्याच नावाच्या विशाल सरोवराच्या काठाने दक्षिणोत्तर पसरलेला देश आहे. ब्रिटिश अमदानीत त्याचे नाव न्यासालँड होते. ६ जुलै १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला. मोंटफोर्ट संघाचे मिशनरी १९०१ साली न्झामा येथे आले आणि पुढच्याच वर्षी ‘व्हाईट फादर्स’नी लिकुनी व मुआ येथे आपली ठाणी उभारली. आज तेथील बिशप बहुतांशी स्थानिक आहेत, धर्मगुरूही बहुतांशी स्थानिकच. तरीही परदेशी मिशनरी तेथे आहेत आणि तुरुंगाची वाट चालणाऱ्यांत त्यांची संख्या नजरेत भरण्याजोगी आहे. यामागे एक साधे कारण असावे. ज्याचा त्या भागात कोणी नातलग नाही, त्याला कैद्याकडे जाताना लोक काय म्हणतील याची चिंता कमी असते.

देशात सुमारे ३० तुरुंग आहेत. झोंबा येथील मध्यवर्ती तुरुंग ब्रिटिश काळातील असून मृत्युदंड झालेले कैदी तेथेच ठेवले जातात. लिलाँग्वे येथील माउला आणि ब्लँटायर येथील चिचिरी हे शहरी तुरुंग. बाकीचे पुष्कळसे जिल्ह्याच्या गावी, ज्याला तेथे ‘बोमा’ म्हणतात, अशा ठिकाणी आहेत. काही तुरुंग शेतीचे आहेत. तेथे कैदी मका पिकवितात. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो. कच्चे रस्ते चिखलात रुततात आणि आठवड्याची भेट महिन्यावर जाते.

कैद्यांची संख्या गेली अनेक वर्षे क्षमतेच्या दुपटीच्या आसपास राहिली आहे. माउला तुरुंगाविषयी २००५ साली जगभर पोहोचलेल्या एका वृत्तान्तात असे वर्णन होते की, एकेका बराकीत दीडशेहून अधिक माणसे इतकी दाटीने झोपतात की कूस बदलावयाची तर सर्वांना एकदमच उठवावे लागते. अन्न बहुधा दिवसातून एकदाच मिळते. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ज्याला ‘न्सिमा’ म्हणतात, आणि सोबत तूर किंवा घेवडा. मीठ असेलच असे नाही. ज्याचे घर जवळ आहे त्याला घरचे डबा आणतात. ज्याचे गाव दोनशे किलोमीटर दूर आहे, त्याच्याकडे कोणी येत नाही. क्षयरोग आणि एचआयव्ही यांना अशा बराकीत वेगळे आमंत्रण लागत नाही.

मलावीच्या घटनात्मक न्यायपीठाने ९ नोव्हेंबर २००९ रोजी मासांगानो खटल्यात निकाल दिला की, अशी दाटी व कोंदट हवा म्हणजे अमानुष वागणूक होय. कैद्यांची संख्या दीड वर्षात निम्म्यावर आणावी, असा आदेशही त्याने दिला. तो आदेश अंमलात आला नाही. मात्र एका कैद्याने स्वतःच्या देशाच्या सर्वोच्च कायद्याचा आधार घेऊन हा प्रश्न विचारला, ही गोष्ट लहान नव्हे.

मिकुयूचा पहारेकरी

तुरुंगाकडे पाहण्याची मलावीच्या ख्रिस्तसभेची दृष्टी एका कठीण काळात घडली. स्वातंत्र्यानंतर डॉ. हेस्टिंग्ज बांडा यांची एकपक्षीय राजवट तीन दशके चालली. विरोधकांना आरोपपत्राशिवाय डांबून ठेवले जाई. झोंबाजवळील मिकुयू तुरुंग त्यासाठी कुप्रसिद्ध होता. कवी आणि भाषाशास्त्रज्ञ जॅक मपांजे यांना सप्टेंबर १९८७ मध्ये अटक झाली आणि मे १९९१ पर्यंत, साडेतीन वर्षांहून अधिक काळ, ते तेथे होते. आरोप शेवटपर्यंत सांगितला गेला नाही. विद्यापीठात त्यांच्यासोबत शिकविणारे आयरिश मिशनरी फादर पॅट ओमॅली यांनी एका पहारेकऱ्याच्या हातून गुप्तपणे चिठ्ठ्यांची देवाणघेवाण चालू ठेवली. कवीची खुशाली त्यामुळे बाहेरच्या जगाला कळत राहिली आणि सुटकेची मागणी जिवंत राहिली. मपांजे यांनी २०११ साली प्रकाशित झालेल्या आपल्या आठवणींत हे सारे नोंदविले आहे. कार्थेजच्या पुदेन्सची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. तुरुंग-सेवेच्या इतिहासात धर्मगुरूंची नावे राहतात, पहारेकऱ्यांची क्वचित.

८ मार्च १९९२ रोजी, प्रायश्चित्तकाळातील रविवारी, मलावीच्या बिशपांचे पाळकीय पत्र देशभरच्या धर्मग्रामांत वाचले गेले. राजवटीतील अन्याय, भीती आणि न्यायदानातील दोष यांवर त्यात उघड शब्दांत लिहिलेले होते. बिशपांची चौकशी झाली, म्झुझूचे आयरिश प्रशासक मोन्सिन्योर जॉन रोश यांना देशाबाहेर घालविण्यात आले. पण लोक बोलू लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ज्येष्ठ विरोधी नेते ऑर्टन चिर्वा झोंबाच्या तुरुंगात मरण पावले. त्यांच्या पत्नी व्हेरा चिर्वा जानेवारी १९९३ मध्ये सुटल्या. जून १९९३ मध्ये जनमत घेतले गेले आणि मे १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक झाली. नव्या राज्यघटनेच्या ४२ व्या कलमाने अटक झालेल्यास ४८ तासांत न्यायालयापुढे नेण्याचा आणि आपल्या धार्मिक मार्गदर्शकाची भेट घेण्याचा हक्क दिला. म्हणजे आता धर्मगुरू तुरुंगात जातो तो केवळ अधिकाऱ्याच्या मेहरबानीने नव्हे. निदान कागदावर तरी.

हरवलेला कागद

आणि कागद हाच येथे मुख्य प्रश्न आहे. राजकीय बंदिवान गेले, त्यांच्या जागी गरीब बंदिवान उरले. त्यांच्यासाठी जगातून कोणी पत्रे लिहीत नाही. आपण ज्याला ‘कच्चा कैदी’ म्हणतो, म्हणजे खटला अजून उभाच राहिलेला नाही असा माणूस, त्याची स्थिती सर्वांत वाईट. खुनाचा आरोप असलेल्यांचे खटले उच्च न्यायालयापुढे चालतात. त्यासाठी न्यायाधीशांचा दौरा, साक्षीदारांचा भत्ता, गाडीचे इंधन लागते. निधी नसला की दौरा निघत नाही. वकील साऱ्या देशात थोडे आणि तेही शहरांत. दरम्यान पोलीस ठाणे, दंडाधिकारी आणि सरकारी वकील यांच्यामध्ये कोठेतरी आरोपीची फाईल गहाळ होते. वर उल्लेखिलेल्या २००५ च्या वृत्तान्तातील एका शेतकऱ्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. सहा वर्षे तो खटल्याची वाट पाहत होता आणि त्याचे कागद कोणालाच सापडत नव्हते. सापडले नाहीत म्हणून सुटकाही नाही.

अशा माणसाकडे मिशनरी काय घेऊन जातो? साबण, मीठ, एखादे पांघरूण, आजाऱ्यांसाठी मका-सोयाबीनचे पीठ. लिकुनी मिशनठाण्याचे नाव लाभलेली ‘लिकुनी फाला’ ही पेज मलावीत घरोघर ठाऊक आहे. हे सारे हवेच. परंतु जुने जाणते मिशनरी आधी वही उघडतात. नाव, गाव, गावप्रमुखाचे नाव, अटकेची तारीख, न्यायालयात शेवटचे कधी नेले. पुढच्या भेटीत तीच वही पुन्हा उघडली जाते. मला वाटते, ग्रामीण तुरुंगातील पाळकीय सेवेचे मर्म या वहीत आहे. कैद्याला धर्मगुरू हवा असतो तो सांत्वनासाठी, यात शंका नाही. पण त्याहून अधिक, आपण येथे आहोत हे लक्षात ठेवणारे कोणीतरी बाहेर आहे, याची त्याला खात्री हवी असते.

एकट्या मिशनऱ्याची वही अर्थातच अपुरी. म्हणून मे २००० मध्ये मलावीत एक वेगळा उपक्रम सुरू झाला. त्यात वकील नसलेल्या, परंतु कायद्याचे प्रशिक्षण दिलेल्या तरुण-तरुणींना चार तुरुंगांत नेमण्यात आले. हे कायदा-साहाय्यक कैद्यांना गाणी आणि नाट्यप्रवेश यांच्या साहाय्याने जामीन म्हणजे काय, दंडाधिकाऱ्यापुढे काय बोलावे, हे शिकवितात. हरवलेल्या फाईली शोधतात. दंडाधिकाऱ्यालाच तुरुंगात आणून कच्च्या कैद्यांची यादी वाचून घेतात. जेथे कैद्याला न्यायालयात नेण्यास गाडी नाही, तेथे न्यायालयच कैद्याकडे येते. आफ्रिकेतील इतर देशांनीही या पद्धतीचा कित्ता गिरविला. धर्मगुरूचे काम येथे दुय्यम होते; पण त्याच्या वहीतील नावे या तरुणांच्या उपयोगी पडतात, आणि त्याने ती आनंदाने द्यावीत.

भारतात कारागृहांतील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदीच असतात. झारखंडमधील अशा आदिवासी तरुणांचा प्रश्न हाती घेणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी हे ऑक्टोबर २०२० मध्ये अटक होऊन आपल्या तळोजा कारागृहात आले आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयात कच्चे कैदी म्हणूनच निवर्तले. मलावीची गोष्ट आपल्याला फार दूरची वाटू नये.

भेटीचा दिवस

तुरुंगातील मिस्सा बहुधा अंगणात होते. चाके नसलेली गाडी किंवा उलटे ठेवलेले पिंप हीच वेदी. गायन मात्र असे, की बाहेरून जाणारा थबकावा. मलावीत बहुस्वरी गायन लहान मुलांनाही येते. झोंबा तुरुंगातील कैदी आणि पहारेकरी यांनी मिळून गायिलेल्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकेला २०१६ च्या ग्रॅमी पुरस्कारांत नामांकन मिळाले होते. प्रवचन छोटे असावे, हे येथे कोणी शिकवावे लागत नाही. बहुतेकांनी आदल्या दिवसापासून काही खाल्लेले नसते.

प्रायश्चित्त संस्कार, ज्याला आपली वडीलधारी मंडळी कुमसार म्हणतात, हा त्याहून अवघड. एकांत मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’पैकी ६५ वा नियम धर्मगुरूला कैद्याची एकांतात भेट घेता यावी असे सांगतो, प्रत्यक्षात अंगणाचा एखादा कोपरा आणि पाठमोरा उभा राहिलेला पहारेकरी, एवढ्यावर भागवावे लागते. धर्मविधान-संहितेच्या ५६६ व्या नियमानुसार तुरुंगाच्या चॅप्लेनला काही धर्मदंडांतून मुक्त करण्याचा खास अधिकार आहे. दुसऱ्या बाजूने ९८३ आणि ९८४ हे नियम त्याचे ओठ आणि हातही बांधतात. एखाद्याने कुमसारात आपला गुन्हा सांगितला आणि त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या बराकीत दुसराच माणूस सडत असेल, तर धर्मगुरूने काय करावे? तो त्या पश्चात्तापी बंधूला विनवू शकतो, की हे कुमसाराबाहेर, योग्य ठिकाणी सांग. त्यापुढे तो एक पाऊलही टाकू शकत नाही. सेमिनरीत आम्ही हा प्रश्न परीक्षेसाठी सोडविला. उत्तर बरोबर होते, गुणही मिळाले. शेजारच्या बराकीतील माणूस आम्हांला तेव्हा दिसला नव्हता.

आणखी एक पेच आहे. तुरुंगात मारहाण होते, हे चॅप्लेनला कळते. तो जाहीर बोलला, तर उद्यापासून दार बंद होण्याची भीती. गप्प राहिला, तर तो त्या व्यवस्थेचाच एक नोकर झाला. घटनेने हक्क दिला असला, तरी किल्ली अजून अधिकाऱ्याकडेच आहे. बहुतेक जण आधी अधिकाऱ्याशी एकांतात बोलतात, मग बिशपांच्या न्याय व शांती आयोगाकडे लेखी कळवितात. हा मार्ग मंद आहे. त्यावर टीका करणाऱ्यांची बाजूही मला पटते, पण दर आठवड्याला दारात उभे राहावयाचे असलेल्याला घाई परवडत नाही.

परदेशातून आठवडाभरासाठी येणाऱ्या गटांविषयी येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. टी-शर्ट वाटणे, छायाचित्रे काढणे, हात वर करून किती जणांनी प्रभूला स्वीकारले ते मोजणे आणि विमानाने परतणे, याने कैद्याला एक दिवसाचा विरंगुळा मिळतो, हे नाकारता येत नाही. पण मग तो पुढच्या रविवारी कोणाची वाट पाहणार? आपल्याकडेही नाताळात कारागृहात केक वाटून त्याचा फोटो काढण्याची हौस आहे. तेव्हा परक्यांना बोल लावताना थोडे जपून.

परत गावाकडे

मलावीत खुनाच्या गुन्ह्याला पूर्वी मृत्युदंड सक्तीचा होता. न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्याची मुभाच नव्हती. २७ एप्रिल २००७ रोजी काफांतायेनी खटल्यात उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. जुन्या निवाड्यांच्या फेरसुनावण्या मात्र २०१५ साली सुरू झाल्या. त्यासाठी कायदा-साहाय्यक खेडोपाडी फिरले. आरोपीचे बालपण, आजार, गुन्ह्याच्या वेळची परिस्थिती यांची माहिती गोळा केली. त्याचबरोबर गावप्रमुखाला आणि गावकऱ्यांना विचारले, की हा माणूस परत आला तर तुम्ही त्याला राहू द्याल काय? अनेक ठिकाणी होकार आला. मृत कुटुंबाचे नातेवाईकही त्या बैठकांना असत. शंभराहून अधिक कैदी, ज्यांना एकेकाळी फाशी सुनावली होती, सुटून घरी गेले. त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी प्रिझन फेलोशिप या आंतरपंथीय ख्रिस्ती संस्थेने बलाका येथे निवारागृह चालविले. तेथे काही काळ राहून ते शेती व इतर कामे शिकत आणि बाहेरच्या जगाची सवय करून घेत.

मलावीत १९९२ नंतर कोणाला फाशी दिलेली नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाच्या एका निकालाने मृत्युदंडच घटनाबाह्य ठरल्याचे जाहीर झाले होते, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने निकालाची दुरुस्त प्रत काढली आणि शिक्षा कायद्यात राहिली. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली परिच्छेद २२६७ बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २०११ साली आफ्रिकेसाठी काढलेल्या ‘आफ्रिके मुनुस’ या प्रबोधनपत्राच्या ८३ व्या परिच्छेदात तुरुंगांचा स्वतंत्र विचार करून, कैद्यांच्या पाळकीय सेवेची जबाबदारी तेथील ख्रिस्तसभेवर सोपविली आहे.

साध्या गुन्ह्यातून सुटलेल्यासाठी मात्र कोठलेही निवारागृह नसते. तुरुंगाचे दार उघडते तेव्हा त्याच्या अंगावर एखादा सदरा असतो आणि गाव दूर असते. बसचे भाडे, खाण्याची पुडी आणि गावच्या धर्मशिक्षकाच्या नावे एक चिठ्ठी, एवढे त्या दिवशी कोणीतरी द्यावे लागते. गावात लहान ख्रिस्ती समूह असेल, तर धर्मशिक्षक आदल्या रविवारच्या बैठकीत विषय काढतो. पहिली रात्र तो कोणाच्या घरी झोपेल, मक्याची पेरणी झाली नसेल तर बियाणे कोण देईल, आणि ज्याची शेळी चोरली होती त्याच्याकडे त्याच्यासोबत कोण जाईल, हे तेथे ठरते. मिशनऱ्याच्या वहीत त्या नावापुढे तारीख लिहिली जाते आणि पान उलटते.